विशेषणांचं सासर

पेणच्या बाजारात एका किराणा दुकानदाराला त्याच्या बरोबरीची माणसं आजही 'ऑफ' म्हणून हाक मारतात. त्याच्या बायकोची समजूत अशी की नवरा शाळेत फार दांड्या मारत असणार, त्यावरून हे नाव पडलं. तोही तिची समजूत मोडत नाही. खरं कारण सांगायचं तर सरांबद्दल सांगावं लागतं, आणि त्या वर्गातल्या आम्हा कुणालाच सरांबद्दल फार वेळ बोलवत नाही. हसत हसत सुरुवात होते, आणि मग मध्येच कुणीतरी चहाचा कप उचलून आत निघून जातं.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. राहायला रोह्याला, नोकरी पेणला. सकाळच्या गाडीने यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण वैशाखातही लावलेलं. लग्न केलेलं नव्हतं. इंग्रजीतल्या इतर गोष्टींशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. काळ आणि प्रयोग ते पाहुण्यांना कसंबसं वाढून मोकळं व्हावं तसे उरकायचे. त्यांचा जीव होता विशेषणांवर, आणि त्याहून जास्त विशेषणांच्या मागे येणाऱ्या इवल्या इवल्या शब्दांवर.

"अर्थ पाठ केलात? छान," ते म्हणायचे. "अर्थ म्हणजे माहेर. ते काय, सगळ्यांना ठाऊक असतं. तिला दिली कुठं ते सांगा."

म्हणजे 'अफ्रेड' दिलेली 'ऑफ'च्या घरी. 'गुड' दिलेली 'ॲट'च्या घरी, 'फेमस' 'फॉर'कडे, 'डिफरंट' 'फ्रॉम'कडे. 'ऑफ'चं खटलं मोठं, सुना पुष्कळ: फॉन्ड, प्राउड, फुल, जेलस. "पण नांदतात सगळ्या," सर समाधानाने सांगायचे. 'अँग्री'चं प्रकरण जरा नाजूक होतं. ती माणसावर रागावली की 'विथ'कडे जायची आणि एखाद्या गोष्टीवर रागावली की 'ॲट'कडे. "तिला दोन घरं आहेत, पण त्यावरून आपण तिला नावं ठेवायची नाहीत," असं सर बजावायचे, आणि बजावताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसायचं. आम्ही मराठीच्या सवयीने कुत्र्याला घाबरायचो, तेव्हा पेपरात 'अफ्रेड टू डॉग' असं लिहून ठेवायचो. सरांना ते फार लागायचं. "अरे, तिचं सासर तिकडच्या लोकांनी ठरवलंय. आपण नुसतं विचारून घ्यायचं. तुम्ही तिला भलत्याच घरात नेऊन बसवता."

आमच्या वर्गात डावीकडे मुली बसायच्या आणि उजवीकडे मुलगे, मध्ये जायला यायला वाट. सरांनी ही व्यवस्था पाहिली आणि त्यांच्या डोक्यात ती पद्धत आली. वर्षाच्या सुरुवातीला ते स्वतःची टोपी काढून तीत चिठ्ठ्या टाकायचे. मुलींनी एकेक विशेषण उचलायचं. मुलग्यांना बाकाच्या क्रमाने मागचे शब्द मिळायचे. मग वर्षभर हजेरी तशीच. सर विशेषण पुकारायचे, ती मुलगी उभी राहायची, आणि तिचा शब्द असलेल्या मुलाने पलीकडून उभं राहून जोडी पुरी करायची. किराणावाला 'ऑफ' झाला तो असा. बिचाऱ्याला पहिल्या तासाला खाली बसायलाच मिळायचं नाही.

माझ्या वाट्याला 'ॲब्सेंट' आली. शाळेचा एक दिवस चुकवला नाही मी, पण रोज सकाळी उभी राहून 'ॲब्सेंट' म्हणायचे आणि समोरून सुतारांचा मुलगा 'फ्रॉम' म्हणायचा. वर्गात त्याचं काही वाटायचं नाही. लाज वाटायची ती बाजारात. आमचं भांड्यांचं दुकान रस्त्यावरच. संध्याकाळी स्टेशनकडे जाताना सर दुकानासमोर थांबायचे आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "ॲब्सेंट?" मी 'फ्रॉम' म्हणेपर्यंत ते जागचे हलायचे नाहीत. गिऱ्हाईक हातातला तांब्या तसाच धरून आमच्याकडे बघत राहायचं. मी पितळेच्या पातेल्यांमागे तोंड लपवायचे. आई विचारायची, "हे काय गो नाव ठेवलंय तुला त्या माणसाने?" हे आमचे सर आहेत, असं चारचौघांत सांगायचीसुद्धा तेव्हा लाज वाटायची मला.

त्यांचे एकेक प्रकार होतेच तसे. एका पोह्यांच्या गिरणीवर इंग्रजीत पाटी होती, तीत 'फेमस'च्या पुढे 'ऑफ' लिहिलं होतं. सर आत गेले आणि मालकाला नम्रपणे म्हणाले, "तुमची फेमस चुकीच्या घरात आहे." मालकाने विचारलं, "जाडे देऊ का पातळ?" सरांनी पातळ घेतले आणि पुन्हा तेच सांगितलं. दर आठवड्याला हे चालायचं. शेवटी मालकाने कंटाळून पाटीवरचा तेवढाच शब्द खरवडून टाकला, आणि पाटीवर तिथे नुसतं भगदाड राहिलं. सर वर्गात म्हणाले, "ठीक आहे. निदान माहेरी तरी परत आली पोर."

एकदा गाडीत एका माणसाने भांडता भांडता इंग्रजी झाडलं, 'आय ॲम अँग्री ऑन यू' असं. तो भांडत होता भलत्याच कुणाशी. सरांनी मध्ये पडून त्याला 'अँग्री'ची दोन्ही घरं समजावून सांगायला घेतली. तो रोह्याच्या अलीकडे निडी स्टेशनावर उतरला तेव्हा समजावणं पुरं व्हायचं होतं, म्हणून सरही निडीला उतरले. त्यांचं बोलून होईतो गाडी निघून गेली. मग ते अंधार पडायच्या आत पोचावं म्हणून रुळांच्या कडेकडेने रोह्याला चालत गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात ही हकीगत त्यांनीच सांगितली, आणि वर, "पटलं मात्र त्याला," असंही म्हणाले.

आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी पेणमध्ये घरोघर केबल आली होती आणि मुलंमुली जरा जास्तच धीट झाली होती. चिठ्ठ्यांच्या दिवशी माझी मैत्रीण शैला उठली. ती डोंगराकडच्या गावातून यायची, घरची भाताची आणि वालाची शेती. तिने टोपीत हात घातला आणि तिला आली 'मॅरीड'. 'टू' होता हिराजी, वडखळच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्यांचा मुलगा. सगळा वर्ग फुटला. बाकं वाजवली, कुणी शिट्टी मारली. सर आमच्याकडे बघून इतके खूश झाले की काय सांगू. त्यांना वाटलं, पद्धत रुजली. "बघा," ते म्हणाले, "मराठीत आपण अमक्याशी लग्न झालं म्हणतो, म्हणून तुम्ही 'विथ' लिहिता. आता जन्मात विसरणार नाही."

ते कुणीच विसरलं नाही. रोज सकाळी शैला खाली मान घालून उभी राहायची, 'मॅरीड' म्हणायची, आणि हिराजी छताकडे बघत 'टू' म्हणायचा. वर्गात रोज हशा व्हायचा. मीही हसायचे, तीही कधीकधी हसायची. त्या दोघांमध्ये त्याहून अधिक एक अक्षर बोलणं झालं नसेल. पण बोर्डाची परीक्षा तोंडावर आली असताना एस.टी. स्टँडच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने मोठ्या अक्षरांत शैलाचं नाव, मध्ये ते दोन इंग्रजी शब्द आणि पुढे हिराजीचं नाव लिहिलं. शैलाचा भाऊ त्याच स्टँडवर उतरायचा. दुसऱ्या दिवसापासून शैला शाळेत यायची बंद झाली. गावाकडून कळलं की तिला परीक्षेला बसवणार नाहीत, आणि स्थळं बघायला सुरुवात झाली आहे.

सर भिंत बघून आले. आपल्या रुमालाने त्यांनी ती पुसायचा प्रयत्न केला होता. कोळसा पसरून अक्षरं आणखी मोठी झाली, आणि सरांचे दोन्ही हात काळे. त्या हातांनीच ते आमच्या दुकानात आले. बाबांना म्हणाले, "मला मुलीच्या घरी जायचंय. मी एकटा पुरुष माणूस गेलो तर आणखी बोभाटा होईल. हिला माझ्याबरोबर पाठवाल का?" बाबांनी त्यांना हात धुवायला पाणी दिलं आणि मला पाठवलं. त्या दिवशी पहिल्यांदा सरांनी मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली.

शैलाच्या अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या. तिचे वडील खाटेवर बसले होते. सरांनी चपला अंगणाच्याही बाहेर, पार रस्त्याच्या कडेला काढून ठेवल्या. वडिलांनी बसायला सांगितलं, पाणी आलं, चहाही आला. चांगली माणसं होती. आतल्या चुलीपाशी शैला होती हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

सरांनी कप खाली ठेवला. "मी कुणाची मुलगी कुणाला दिली नाही हो," ते म्हणाले. "मी फक्त विशेषणं दिली. म्हणजे कसं, मॅरीड ही टूच्या घरी दिलेली—"

"माजी पोर?"

"मुलगी नाही, शब्द. प्रत्येक शब्दाचं एक सासर असतं, ते आधीच ठरलेलं—"

"मास्तर," वडील शांतपणे म्हणाले, "माज्या पोरीचा सासर आमी ठरवायचा का तुमी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी सरांच्या सदऱ्याची बाही ओढली. पण त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत हे समजावता येत नव्हतं. एवढी वर्षं त्यांनी ही गोष्ट दिल्या घेतल्या मुलींच्या भाषेतच मांडली होती. ते पुन्हा 'ऑफ'च्या सुनांकडे वळले, 'अँग्री'च्या दोन घरांपर्यंत पोचले, आणि तिथे वडिलांचा चेहरा बघून एकदम थांबले. मग ते साध्या मराठीत म्हणाले, "माझी चूक झाली. मला कळायला हवं होतं. तिचा यात काही दोष नाही. तिला परीक्षेला बसू द्या."

वडिलांनी खाटेवरून वाकून दोन शेंगा उचलल्या. मग म्हणाले, "बसंल. मी काय पोरीचा वैरी नाय. पन त्या पोराचं त्वांड त्या आवारात दिसता नये. लोक काय बोलतील? तो येनार असंल, तर माजी पोर घरात. तो यायचा नाय असा शबूद द्या मला मास्तर."

दोघांचंही केंद्र आमचीच शाळा होती. बदलून मिळायला वेळ उरला नव्हता. त्यांनी शब्द दिला. आतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

पेणला उतरल्यावर सर मला घरी सोडतील असं वाटलं, तर त्यांनी वडखळकडे जाणारी एस.टी. पकडली. मला मागच्या सीटवर बसवून स्वतः दारापाशी उभे राहिले. इतक्या लांबून त्यांची पाठ बघताना मला समजत होतं की आता काय करायचंय, आणि ते मला अजिबात बघायचं नव्हतं.

हिराजी आणि त्याची आई मिठागरात होती. मीठ ओढून ढीग लावायचं काम चाललं होतं. सरांना बांधावरून येताना बघून हिराजी धावत जाऊन शर्ट घालून आला. त्याच्या आईने डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि पाण्याने हात धुऊन पुसत उभी राहिली. सर्वत्र मिठाचा असा उजेड होता की डोळे उघडवत नव्हते. सरांनी खाली बघतच सगळं सांगितलं. शैलासाठी बघितली जाणारी स्थळं, तिच्या वडिलांची अट, आपण दिलेला शब्द. मला वाटतं, ही माणसं आपल्याला शिव्या देतील, निदान नाही म्हणतील, अशी त्यांची अपेक्षा होती. तशी तयारी करूनच ते आले असावेत.

हिराजीची आई म्हणाली, "येवढ्यासाठी सर तुमी उनातानात आलाव? निरोप धाडला असता तरी चाललं असतं. तुमी सांगाल तसा. नायतरी आता मिठाचं दिस हायेत, पोऱ्याचा हात लागंल मला."

हिराजीने एकदा आईकडे पाहिलं. मग जणू हे त्याच्याच मनात आधीपासून होतं, अशा आवाजात तो म्हणाला, "मी ऑक्टोबरला बसतो सर. तवा बी बसता येतं ना?"

"येतं," सर म्हणाले. "मी स्वतः येऊन तुझी तयारी करून घेईन."

"व्हय सर."

एवढंच. दहा वाक्यं झाली नसतील. शैलाच्या घरी खाट होती, चहा होता, अट होती, शब्द मागितला होता. इथे कुणी काहीच मागितलं नाही. उलट सरांना वाईट वाटू नये म्हणून त्या बाईने मिठाचे दिवस पुढे केले. हिराजी आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. एस.टी.त बसल्यावर सर मला म्हणाले, "ती दोघं भांडली का नाहीत गं?" ज्या घरात आवाज चढण्याची शक्यता होती तिथे आम्ही घाबरत गेलो, आणि जिथे नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती तिथून एका मुलाची दहावी मागून आणली. आजही त्याचा विचार मनात आला की मी कानकोंडी होते.

शैला परीक्षेला बसली. चांगल्या मार्कांनी पास झाली, पुढे कॉलेजलाही गेली आणि मग लग्न होऊन कोलाडला गेली. तिचं छान चाललंय. ती कशाच्या बदल्यात बसली हे तिला ठाऊक असावं, कारण तिने मला हिराजीबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

सरांनी पुढच्या वर्षी टोपी काढली नाही. शाळेतली माझी धाकटी बहीण सांगायची की सर नुसते धडे वाचून घेतात. कुणी 'अफ्रेड टू डॉग' लिहिलं तर त्यावर लाल रेघ मारतात, बोलत काही नाहीत. ती म्हणायची, "तुम्ही उगाच सांगता गो, किती कंटाळवाणे आहेत ते." आमच्या दुकानासमोरून ते आता पलीकडच्या बाजूने जायचे. मला कुणी हाक मारत नव्हतं, आणि मला त्याचंही वाईट वाटायचं.

माझं लग्न रोह्यात झालं, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. सर निवृत्त होऊन तिथेच होते, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. रोह्यात त्यांच्याबद्दल एक नवीनच गोष्ट ऐकायला मिळाली. मास्तरांना म्हातारपणी सिनेमाचं वेड लागलंय, असं सासूबाईंनी सांगितलं. रोज दुपारी बाजारात जातात आणि सिनेमाच्या पोस्टरला नाक लावून उभे राहतात. टॉकीजमध्ये कधी जात नाहीत, पोस्टर मात्र बारकाईने वाचतात. पोरं मागे उभी राहून नटनट्यांची नावं ओरडतात, तरी ढिम्म हलत नाहीत. मी हसले. सरांना शोभेल असंच होतं ते.

मग एकदा मी स्वतः बघितलं. पहिली शिफ्ट सुटण्याची वेळ होती. धाटावच्या कारखान्यांकडून कंपनीची बस आली, माणसं उतरायला लागली. समोरून पिशवी घेऊन येणारे सर एकदम वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या भिंतीवरचं पोस्टर पावसाने फाटलेलं होतं, त्यावर वाचण्यासारखं काही उरलंही नव्हतं. बसमधून उतरणाऱ्यांत निळ्या गणवेशात हिराजी होता. तो सरांच्या पाठीमागे क्षणभर थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग मान खाली घालून निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर सर भिंतीपासून बाजूला झाले. मला हसल्याची लाज वाटली.

काही दिवसांनी भाजीबाजारात हिराजीनेच मला हटकलं. "तू ॲब्सेंट ना गो?" आम्ही दोघंही हसलो. त्याने सांगितलं की पावसाळ्यात एका ठेकेदारामार्फत तो कंपनीत चिकटला, रोह्यालाच राहू लागला आणि मग परीक्षेचं राहूनच गेलं. अजून ठेक्यावरच आहे, दहावी नाही म्हणून कायम करत नाहीत. तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं. मग हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "सर माज्यावर लय रागावलेत. मला बघितला का भिंतीकडं त्वांड करतात. बरोबर हाय त्यांचा. सर येवढं उनातून घरी आले, मी त्यांना ऑक्टोबरला बसतो बोललो, नि बसलो नाय. त्यांच्यासमोर जायाची लाज वाटते मला. तू सांग ना गो त्यांना, हिराजीचा राग नका धरू."

भाजी न घेताच मी घरी परतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सरांकडे गेले. ते पडवीत बसून वाल सोलत होते. मी जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं.

"त्याला असं वाटतं?" त्यांनी विचारलं. "तो बसला नाही म्हणून मी?"

"हो सर."

"मी गेलोच नाही गं त्याच्याकडे. तयारी करून घेतो म्हणालो आणि एकदाही गेलो नाही. त्या बाईसमोर जायला पाय उचलेना. ती पुन्हा हात पुसत उभी राहील, पुन्हा काहीतरी माझ्या सोयीचं बोलेल. आज जातो, उद्या जातो, म्हणता म्हणता ऑक्टोबर होऊन गेला." ते बोलता बोलता उठले. "आणि तो पोरगा आजवर मलाच घाबरतोय?"

त्यांनी चपला घातल्या. मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. मी मागून चालू लागले. बसथांब्यावर पोचलो तेव्हा शिफ्टची बस यायचीच होती. सर रस्त्याच्या अगदी कडेला, सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले. ओळखीच्या दोघा तिघांनी काय मास्तर, आज इकडे कुठे, म्हणून विचारलं. ते बसच्या वाटेकडे बघत राहिले.

बस आली. माणसं उतरली, पण हिराजी उतरला नाही. मला तो खिडकीत दिसला होता. त्याने आम्हाला बघितलं, आणि पायाशी काही पडल्यासारखा खाली वाकला. सरांनीही ते पाहिलं असणार. आज सुट्टी असेल त्याची, असं काहीतरी म्हणून मी त्यांना घरी न्यावं, असा विचार मी करत होते. तेवढ्यात ते बसची पायरी चढले. ड्रायव्हर म्हणाला, "अहो, कंपनीची गाडी हाय, बाहेरचा माणूस नाय चालत." सर आत गेलेसुद्धा.

मी खालून बघत होते. सर त्या सीटपाशी जाऊन उभे राहिले. हिराजी झटकन उठला आणि जागा देऊन बाजूला सरकला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला, तो बसेना. त्याने सरांना बसायची खूण केली, तेही बसेनात. दोघांचीही मान खाली होती. काय बोलत होते, की बोलतच नव्हते, मला ऐकू आलं नाही. ड्रायव्हरने आणखी एकदा मागे वळून पाहिलं आणि गाडी सुरू केली. अष्टमीच्या पुलाकडे बस वळेपर्यंत मला दिसत होतं. सीट रिकामी होती, आणि ती दोघं तिच्या दोन बाजूंना उभी होती.